वळचणीच्या फटी

दुपारचे बारा वाजले की भैय्यालालच्या मागावर कोसा रेशमाचा धागा तुटायला लागायचा. आधी एखादा, मग दोन, मग एक जोडेपर्यंत दुसरा उडायचा. भैय्यालाल धोटा खाली ठेवायचा, तुटकं टोक शोधायचा, बोटांच्या चिमटीत वळून जोडायचा आणि खड्ड्यातल्या पावडीवर पुन्हा पाय द्यायचा. चार फटके झाले की पुन्हा तेच. कपाळावरचा घाम ताण्याच्या उभ्या धाग्यांवर पडू नये म्हणून तो डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसायचा, आणि अर्ध्या तासात तो दुपट्टा पापडासारखा कडक व्हायचा.

शेजारी बसून धोट्यासाठी धाग्याच्या कांड्या भरणारी त्याची सून चंद्रकांता हे सगळं पाहत असे. गेली तीन वर्षं साडीचा मधला साधा पट तीच विणायची आणि किनारीच्या वेळी सासरा बसायचा. करवती किनारीला एकावेळी तीन धोटे चालतात, तिथे दोन जण असले तर काम पळतं. पण गावात माग मात्र भैय्यालालचाच म्हणायचे. चंद्रकांतानेही कधी कोणाचं तोंड धरलं नाही.

जुनं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं तेव्हा सरकारने इकडे माळरानावर प्लॉट दिले. जुन्या घरावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं होती. त्यांच्यामधून वारा फिरायचा, पण माकडांची टोळी एकदा नाचून गेली की अर्धा दिवस कवेलू शाकारण्यात जायचा. म्हणून नव्या घरावर भैय्यालालने मोठ्या हौसेने पत्रे टाकले. खाली जुन्या घराच्या फळ्यांचा माळा केला. आणि माकड नको, वटवाघूळ नको, धूळ नको, म्हणून पत्रा जिथे भिंतीवर टेकतो त्या वळचणीतली एकूण एक फट स्वतःच्या हाताने चिंध्या आणि माती ठासून लिंपून टाकली. आढ्यावरची पत्र्याची टोपीही दाबून बसवली. “मुंगी शिरून दाखवन तं माग सोडून देतो,” असं तो आल्यागेल्याला सांगायचा. मुंगी शिरली नाही हे खरं. पण आत शिरलेली गरमीही बाहेर पडली नाही.

गेल्या वर्षी नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, तो मागाच्या खड्ड्यातच चक्कर येऊन पडला होता. त्याचा मुलगा, म्हणजे चंद्रकांताचा नवरा भूषण, लाखनीला हायवेवर ट्रकच्या टायरच्या दुकानात कामाला; राहायचाही तिथेच, कधीमधी एखाद्या रविवारी घरी यायचा. त्या दिवशी तो धावत आला, बापाला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं. ते ओझं त्याच्या मनावरून उतरलंच नव्हतं. या मे महिन्यात, एका रविवारी, जेवता जेवता त्याने विषय काढला.

“बाबा, आपल्या दुकानाच्या बाजूले ढाबा आहे ना, त्याच्या मालकाले माग पाहिजे. जुना, लाकडी. ढाब्याच्या दारात मांडन म्हणते.”

“विणन कोन तिथं?” भैय्यालालने विचारलं.

“विणाचा नाही. शोभेचा. लोकं फोटो काढते.”

भैय्यालालने घास ताटात परत ठेवला. त्याची बायको शेवंताबाई फाडकन बोलणारी. ती नवऱ्याकडे हात करून म्हणाली, “मंग यायलेच नेऊन बसव त्याच्यावर. फोटो आखीन चांगला येईन.”

“माय, हासाची गोष्ट नाही. मागच्या खेपेला वाचले. या खेपेला नाही वाचले तं?” भूषणने ताट सरकवलं. “पंचवीस तारखेले नवतपा लागते. आठ दिवस जाऊ द्या मनाल, तं नाही. लागल्यावर चौथ्या दिवशी टेम्पो घेऊन येतो. माग भरून नेतो, त्या खोलीत कूलर लावतो, तुमी निजा.”

“आन कूलर मागापाशीच लावला तं?” चंद्रकांता म्हणाली.

तिच्याकडे न पाहताच भैय्यालालने उत्तर दिलं, “कूलरच्या वाऱ्यानं ताणा फडफडते, पान्याच्या तुषारानं खळ सुटते. कूलरमधी कोसा नाही विणल्या जात.”

“तं बसा मंग,” भूषण म्हणाला. “दुपारी दोन वाजता माग चालून राहिला आन बाबा धड बसून राहिले, असं मले दिसलं तं मी टेम्पो वापस पाठवतो. नाही तं मले कोनी काही म्हणू नका.” आणि हात धुवून तो मोटरसायकलवर बसून गेला.

त्या दिवशी दुपारी चंद्रकांता शिडी लावून माळ्यावर चढली. डोकं वर निघालं तसा तोंडावर भट्टीचा झोत आल्यासारखं झालं. वर वाकूनच बसता यायचं. पत्रा टाळूपासून वीतभरच वर होता आणि इतका तापला होता की हात लावायची सोय नव्हती. तिने माळ्याच्या फळीवर तळवा टेकवला, फळीही तव्यासारखी. म्हणजे पत्रा हवा तापवतो, हवा फळी तापवते आणि फळी खाली बसलेल्या माणसाला भाजते. शाळेत सातवीपर्यंतच गेलेल्या बाईला एवढं कळायला पंख्याखाली बसलेला इंजिनियर लागत नाही.

तिला आठवलं, माहेरी लग्नाकार्यात बर्फाची लादी यायची ती धानाच्या भुशात पुरून ठेवायचे. भर उन्हात मांडवाच्या कोपऱ्यात लादी दिवसभर राहायची. भुशात बर्फ वितळत नाही, तर भुशाखाली माणूस तरी का वितळावा? राईस मिलच्या मागे धानाच्या टरफलांचा हा भुसा ढिगाने पडलेला असतो, न्या म्हणून मालक हात जोडतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून ती कामाला लागली. मिलपर्यंत अर्धा किलोमीटर, डोक्यावर पोतं. अशा अकरा खेपा. माळ्यावर पोती ओढायला शेवंताबाई वरून दोर धरायची आणि दर पोत्याला एक शिवी घालायची, ती पोत्याला की सुनेला हे स्पष्ट करायची नाही. भुशाची कुसळं दोघींच्या मानेत, कंबरेत, पापण्यांत शिरली. आंघोळ केली तरी अंग खाजायचं थांबेना. संध्याकाळी माळ्यावर वीतभर जाड थर अंथरून झाला तेव्हा चंद्रकांताचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

खाली फरक पडला. पहिल्याच दिवशी बाराऐवजी एक वाजेपर्यंत धागा टिकला. भैय्यालालने एक कांडी जास्त मागून घेतली. त्याच्या शाबासकीची तऱ्हा तीच होती.

इथे सासऱ्या-सुनेने मिळून जी चूक केली ती विणकराच्याच घरात होऊ शकते. कोसा वाळला की पाणी शिंपडायचं, हे त्या घराच्या हाडात मुरलेलं. मागाच्या खड्ड्यात पाणी, जमिनीवर पाणी, ताण्यावर ओल्या फडक्याचा हात. भैय्यालाल म्हणाला, “भुशाले जरासं पानी मारून पाय बरं सूनबाई. ओला राहीन तं आखीन थंड राहीन.” चंद्रकांतालाही ते इतकं बरोबर वाटलं की तिने विचारच केला नाही. सकाळ-संध्याकाळ दोन दोन बादल्या ती भुशावर शिंपडत राहिली.

चौथ्या दिवशी घरात आंबट वास यायला लागला. पाचव्या दिवशी चंद्रकांता मागावर बसली होती. फळीच्या सांध्यातून एक पिवळा थेंब टपकन ताण्यावर पडला. मग दुसरा. कोशाच्या सोनेरी धाग्यावर चहाचे डाग पडावेत तसे डाग. ती शिडीवरून वर गेली आणि भुशात हात घातला. आत तो कढत होता. बंद माळ्यात ओला भुसा कुजून स्वतःच तापला होता, त्यात पांढरी बुरशी धरली होती, आणि वाफेला बाहेर जायला वाट नसल्याने पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं.

डागाळलेला हातभर ताणा कापून टाकावा लागला. भैय्यालालने कात्री स्वतः चालवली. चंद्रकांता कोपऱ्यात उभी होती, तिला रडायलाही लाज वाटत होती. तोवर बातमी हातपंपावर पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली तेव्हा सुलोचनाबाई नावाची शेजारीण इतर बायांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “उकिरडा घराच्या मांगं रायते बाप्पा. डोक्स्यावर उकिरडा आमी नवाच पायला.” बाया हसल्या. चंद्रकांताने घडा भरला, डोक्यावर घेतला आणि सरळ चालत घरी आली. वाटेत पाणी हिंदकळून पाठ भिजली तरी तिने घडा खाली ठेवला नाही. तिला राग आला होता, आणि राग आला की तिचे हात जास्त चालत.

सगळा भुसा तिने घमेल्या घमेल्याने खाली उतरवला आणि अंगणात पसरला. तो उलथता उलथता शेजारचा सुखराम दारात येऊन थांबला. सुखराम ढिवर, धरणाच्या पाण्यात जाळं टाकणारा. मासळी सुकवायला त्याने घरामागे बांबूचं खोपट केलं होतं.

“वहिनी, भुसा तं बरोबर होता तुमचा,” तो म्हणाला. “वाट नाही दिली तुमी.”

“कायची वाट?”

“हवेची. माह्या खोपटात या. खालून वारा घेतो, वरून सोडतो. एक बाजू बंद केली तं सुकटीले दोन दिवसांत किडे. ऊन जास्त आहे म्हणून मासळी सडत नाही, गरम हवा कोंडते म्हणून सडते.”

चंद्रकांता त्याच्या मागोमाग गेली. खोपटात मासळीचा वास नाकात बसत होता, पण तिने तोंडाला पदर लावला नाही. जमिनीलगत बांबूच्या फटी, आणि अगदी वर, आढ्याखाली, हातभर मोकळी जागा. तिने खालच्या फटीशी हात धरला. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, तरी बोटांना बारीक वारा लागत होता.

घरी येऊन तिने घमेल्यात विस्तव घेतला, त्यावर कडुनिंबाचा ओला पाला टाकला आणि ते घमेलं रिकाम्या माळ्यावर मधोमध ठेवलं. भैय्यालालला तिने शिडीजवळ बोलावलं. “मामाजी, पाहा जरा.”

धूर उठला, पत्र्याला भिडला आणि तिथेच पसरला. कुठेच गेला नाही. वर जागा भरली तसा तो खाली उतरला आणि शिडीच्या तोंडातून दोघांच्या डोळ्यांत शिरला. भैय्यालाल खोकत खोकत मागे झाला.

“वळचण उघडावी लागन,” चंद्रकांता डोळे पुसत म्हणाली. “आन आढ्यावरची टोपी उचलावी लागन.”

“माकडं येईन.”

“जाळी लावू.”

“पंधरा वर्सं झाले, एक पाखरू नाही शिरलं माह्या घरात.”

“वारं बी नाही शिरलं, मामाजी.”

भैय्यालाल शिडीपासून वळला. अंगणात जाऊन बाजेवर बसला. सुनेने तोंडावर सांगितलं याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. आपणच आपल्या मागावर झाकण ठोकलं हे त्याला आता दिसत होतं, आणि ते गिळायला त्याला घटकाभर लागली. शेवंताबाई चहा घेऊन गेली तर तो म्हणाला, “सब्बल कुठी आहे?”

वळचणीतली माती त्याने त्या पहारीने स्वतःच फोडली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पंधरा वर्षांची माती दगड झाली होती. एकेक ढेपूळ खाली पडायचं, त्यामागून चिंधी निघायची आणि तो ती ओळखायचा: ही भूषणच्या शाळेच्या सदऱ्याची, ही शेवंताच्या लुगड्याची. दोन्ही बाजूंची वळचण टोकापासून टोकापर्यंत मोकळी व्हायला दोन सकाळी लागल्या. सुखरामने आपलं जुनं जाळं दुहेरी करून आणलं आणि बांबूच्या कामट्यांनी फटीवर ताणून ठोकलं. मग तोच पत्र्यावर चढला, पहाटे, पत्रा थंड असताना. आढ्यावरच्या टोपीचे बोल्ट काढले, खाली विटकरीएवढे लाकडाचे ठोकळे सरकवले आणि लांब बोल्ट घालून पुन्हा आवळले. टोपी चार बोटं वर उचलली गेली. तिचे काठ दोन्हीकडे खाली झुकलेले, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि गरम हवा मात्र निघून जाईल. चंद्रकांताने चुना कालवून दिला आणि सुखरामने उतरता उतरता सगळा पत्रा पांढरा करून टाकला.

भुसा परत चढवण्याआधी तिने पुन्हा घमेलं वर ठेवलं. या वेळी पाला तिने जरा जास्तच टाकला. कारण तिला खात्री करून घ्यायची होती, आणि खरं सांगायचं तर तिला ते पाहायची हौसही होती.

धूर उठला, क्षणभर घुटमळला आणि सरळ वर गेला. वळचणीतून आत येणारा वारा त्याला ढकलत होता. चंद्रकांता शिडी उतरून अंगणात धावली. पांढऱ्या पत्र्याच्या आढ्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, धुराची जाड पट्टी बाहेर पडत होती.

हे सुलोचनाबाईनेही पाहिलं. “आग लागली वो, भैय्यालालच्या घराले आग लागली,” म्हणत ती निघाली आणि पाच मिनिटांत अर्धा मोहल्ला बादल्या, घडे, कोणी पाण्याने भरलेला कुकर घेऊन अंगणात हजर. एकाने तर येता येताच बादली भिरकावली, ती बाजेवर बसलेल्या भैय्यालालच्या अंगावर रिकामी झाली. तो नखशिखान्त भिजला, आणि हसायला लागला. चंद्रकांताने कित्येक उन्हाळ्यांत त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

“आग नाही, माय,” तो तोंडावरचं पाणी निपटत म्हणाला. “गरमी निघून राहिली घरातली. सूनबाईनं काढली.”

सुलोचनाबाई हातातली बादली खाली न ठेवता वर पाहत राहिली. मग दबक्या आवाजात तिने विचारलं, “आमच्या बी पत्र्यातून निघन काय वो?”

“पाहू,” चंद्रकांता म्हणाली. उकिरड्याची आठवण तिने काढली नाही. पण ‘पाहू’ म्हणताना तिची मान जरा जास्तच ताठ होती, हे कबूल केलं पाहिजे.

उन्हात खडखडीत वाळलेला भुसा, त्यात कडुनिंबाचा वाळका पाला आणि चुलीची राख, असा वीतभर थर पुन्हा माळ्यावर बसला. वळचणीशी तिने आडव्या फळ्या लावल्या, भुसा सरकून वाऱ्याची वाट बुजवू नये म्हणून. पाण्याची बादली शिडीच्या आसपास फिरकू दिली नाही.

नवतपा लागला. पहिल्या दिवशी रस्त्यावरचं डांबर मऊ झालं. दुसऱ्या दिवशी सुखरामची शेळी पाण्याच्या टाक्याजवळून हलेना. तिसऱ्या दिवशी गावात दुपारी एक माणूस बाहेर दिसला नाही. भैय्यालाल मागावर बसून होता. बारा वाजले, धागा टिकला. एक वाजला. दोन तुटले, ते रोजचेच. दीड वाजता त्याने डोक्याचा दुपट्टा सोडून खुंटीला अडकवला. चंद्रकांता मागावरून उठली, शिडीच्या दोन पायऱ्या चढली आणि माळ्याच्या फळीला खालून हात लावला. फळी कोमट होती, नुकत्या उतरवलेल्या पोळीएवढीही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दोनला टेम्पो आला. प्रीतम नावाचा ड्रायव्हर होता आणि शेजारी भूषण, दोघांचे चेहरे भाजल्यासारखे लाल. भूषणने येताना दोर, पोती, माग खोलायचे पाने असं सगळं आणलं होतं. बापाशी काय बोलायचं हे तो वाटभर मनात जुळवत आला होता. “बाबा, मी तुमच्या भल्यासाठी,” इथपर्यंत जुळलं होतं, पुढचं जुळत नव्हतं.

गल्ली सामसूम होती. इंजिन बंद झालं आणि त्याला आवाज ऐकू आला. खट, खटाक. खट, खटाक. मधे थांबत नव्हता. लहानपणी शाळेतून येताना या आवाजावरून तो घर ओळखायचा. तो दारात आला आणि उंबरठ्यावरच थांबला. बाहेरच्या उन्हातून आत पाय टाकल्यावर अंगावरचा घाम गार लागला.

मागावर दोघं शेजारी शेजारी बसले होते. भैय्यालाल एका किनारीचा धोटा सोडत होता, चंद्रकांता मधला आणि पलीकडचा. बापाच्या कपाळावर घाम होता, पण माणसाला काम केल्यावर येतो तेवढाच. किनारीवर करवतीचे दात एकामागून एक उमटत होते, सरळ, एकसारखे. भूषण पाहत राहिला. त्याने मोबाईल काढून वेळ पाहिली, दोन वाजून दहा मिनिटं. मग तो शिडी चढून माळ्यावर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

शेवंताबाईने खालून हाक मारली, “काऊन रे, वरतच राहाले गेला काय?”

तो उतरला तेव्हा केसांत भुसा होता आणि डोळे ओले होते. भुशामुळे, असं कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

“वारं आहे वरत,” तो म्हणाला.

“बस,” भैय्यालाल मागावरून म्हणाला. “चहा पे. ढाब्यावाल्याले फोन करून सांगजो, माग कामावर आहे म्हणा.”

दारात प्रीतम दोराची गुंडाळी हातात घेऊन उभा होता. मागे अंगणात सुलोचनाबाई आणि आणखी चार-सहा बाया जमल्या होत्या. भर दुपारी माग चालतो हे ऐकून त्या उन्हातून आल्या होत्या आणि एकेक करून आत डोकावून, गार हवा अंगाला लावून बाहेर येत होत्या.

“भूषणभाऊ,” प्रीतम कुरकुरत म्हणाला, “एवढ्या उन्हात लाखनीवरून आलो. गाडीत भराचं काय, ते तं सांगा.”

भूषणने बापाकडे पाहिलं. बापाने त्याच्याकडे पाहिलंच नाही, सुनेकडे बोट केलं. मग भूषण मागाजवळ गेला, वाकला आणि लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच, चार लोकांत, बायकोला विचारलं, “काय भराचं, तू सांग.”

चंद्रकांताने पावडी सोडली नाही. अंगणातल्या बायांकडे तिने एकदा नजर फिरवली, मनात घरं मोजली, आणि धोटा पलीकडे सोडत म्हणाली, “मिलमधून भुसा आणा. सात घराचा.”